ओसरीवरचं पायथन

चार माणसं एका छताखाली रोज आठ तास बसली की कामापेक्षा किस्सेच जास्त साठतात. परभणीतल्या आमच्या माती तपासणीच्या लॅबचंही तसंच आहे. मातीचे नमुने तपासून झाले की टाकून देता येतात, किस्से कुठं टाकणार? परवा माहेरी पेडगावला गेले, तर भावजयीनं चहाचं आधण ठेवायच्या आधी विचारलं, "वन्सं, आप्पांचं नवीन काय?" माझी ख्यालीखुशाली नंतर!

आप्पा म्हणजे शिवलिंगआप्पा, आमचे लॅब असिस्टंट. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग आणि खिशात कायम एक स्क्रू-ड्रायव्हर. फोनवर आधी "शरणार्थ", मग काय असेल ते काम. बाकी मी कॉम्प्युटरवर, गफ्फारभाई नमुने सांभाळायला आणि वर एक तरुण साहेब. झाली आमची लॅब.

* * *

आमच्याकडं एक मोठी मशीन आहे. मातीत जस्त किती, लोह किती, ते ती सांगते. तिच्यासोबत आलेला कॉम्प्युटर एक दिवस कायमचा बंद पडला. कंपनीवाले म्हणाले, "मशीन जुनी झाली, आता नवीनच घ्या." मशीनला तर काहीच झालेलं नव्हतं! फक्त ती सांगते ते ऐकून घेणारं कुणी उरलं नव्हतं.

आप्पांनी कुठून तरी पायथनचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या एका भाषेचं, पुस्तक आणलं. पन्नाशी उलटलेला माणूस, तोवर कॉम्प्युटरवर फक्त रजेचा अर्ज टाइप केलेला. ते पूर्णेहून रोज रेल्वेनं येतात. जाता-येता दोन-दोन पानं वाचायची, असं चाललं होतं.

एका सकाळी मी पेडगाव स्टेशनात परभणीच्या गाडीची वाट बघत उभी. समोरून परभणीकडूनच गाडी आली आणि तिच्यातून आप्पा उतरले! हातात उघडं पुस्तक, चष्मा कपाळावर.

"आप्पा, तुमी इकडं कसे? परभणी तर मागं राहिली!"

"राहिली असंल माय," आप्पा म्हणाले. "पर मशीनीशी बोलायची ओळ घावली!"

त्या दिवशी साडेअकराला मशीननं पहिला आकडा पाठवला. शून्य पॉइंट चौसष्ट. गफ्फारभाईंनी तो खडूनं दारावर लिहिला. दाराला दोनदा रंग झालाय, पण तेवढा चौकोन आम्ही रंगवू दिलेला नाही.

* * *

आप्पांचा प्रोग्राम पायथन दोन पॉइंट सातमध्ये लिहिलेला. पुढं जग तीनवर गेलं. नवीन कॉम्प्युटर आले ते तीन घेऊनच आले, आणि त्यात आप्पांचा प्रोग्राम पहिल्याच ओळीला आडवा पडायचा. मग आप्पांनी नव्या कॉम्प्युटरमध्येच जुन्या पायथनसाठी वेगळी जागा केली. तिला म्हणतात व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट. ती चालू केली की आत दोन पॉइंट सात, बंद केली की बाहेर सगळं नवं. एकाचा दुसऱ्याला धक्का लागत नाही.

तिला नाव द्यावं लागतं. आप्पांनी दिलं, ओसरी.

"म्हातारी माणसं वसरीवर बसत्यात माय. घरात नव्या पोरांनी काय बी करू द्या. वसरीवर मातर कुणी लुडबुड करायची न्हाई."

माझी अडचण एकच, ओसरी चालू करायला मी हमखास विसरायचे. थेट प्रोग्राम चालवायचा आणि स्क्रीनभर एरर आल्या की ओरडायचं, "आप्पा, मशीन गेली!" आप्पा हातातलं काम टाकून धावत यायचे. आठवड्यात चौथ्यांदा असं झालं, तेव्हा त्यांनी कायदाच काढला. कॉम्प्युटरच्या खोलीत शिरताना चप्पल बाहेर काढायची.

"त्यानं काय होणार?"

"फरशी पायाला गार लागती. मंग आठवतंय, आपण कुठं आलोत ते."

हसू नका, त्या दिवसापासून मी एकदाही विसरले नाही! आता आमच्याकडं ॲसिडच्या बाजूला बूट सक्तीचे आणि कॉम्प्युटरच्या खोलीत बूट मना. नवीन माणूस दारातच गोंधळतो.

* * *

मागच्या वर्षी वरून पत्र आलं. लॅबची तपासणी होणार. बाहेरचे अधिकारी बंद बाटलीत नमुना आणतील, त्यातलं जस्त किती ते त्यांच्या पाकिटात लिहिलेलं असेल. आमचा आकडा जुळला तर लॅब राहील. नाही जुळला तर लॅबला कुलूप, आणि जिल्ह्यातली माती दूरच्या शहरात पाठवायची. तिथून रिपोर्ट येईपर्यंत पेरणी होऊन जाणार! पत्रात खाली आणखी एक ओळ होती, 'सॉफ्टवेअर अद्ययावत असणे अपेक्षित.'

त्या ओळीनं आमच्या साहेबांची झोप उडाली. माणूस चांगला, पुण्याकडचा, पण जुनं म्हटलं की त्याला शिंका येतात. त्यांनी आप्पांच्या प्रोग्रामची कॉपी घेतली आणि जुन्याचं नवं करून देणाऱ्या एका कन्व्हर्टरमधून काढली. एरर गेल्या! साहेब खूश. "बघा, पाच मिनिटांचं काम होतं. उगाच ओसरी-बिसरी."

कोणता नमुना कोणत्या ट्रेमध्ये ठेवायचा, हेही तोच प्रोग्राम सांगतो. एका ट्रेमध्ये बारा नमुने, म्हणून तो नमुन्याच्या नंबराला बाराने भागतो. जुनं पायथन भागाकारातला पूर्ण आकडा तेवढा ठेवतं, पुढचं सोडून देतं. नवं पायथन काहीच सोडत नाही.

दुपारी गफ्फारभाई एक्केचाळीस नंबरचा नमुना हातात धरून दारात उभे. चेहरा गंभीर.

"ताई, तीन नंबर का ट्रे है. चार नंबर का भी है. ये तीन पॉइंट एकेचालीस छासठ का ट्रे किधर रखे आप लोगां?"

साहेबांनी स्वतः येऊन स्क्रीन बघितली. मग ट्रेकडं बघितलं. मग पुन्हा स्क्रीनकडं.

"मेरेकू लगा नया मंगाए होंगे," गफ्फारभाई म्हणाले.

आप्पांनी चपला काढल्या, आत गेले आणि ओसरी चालू केली.

* * *

तरी साहेबांची काळजी काही जाईना. तपासणीत विचारतील असे प्रश्न काढून ते आमची तयारी करून घेऊ लागले.

"आप्पा, बॅकअप किती दिवसांनी घेता?"

"दर सोमवारी."

"छान. कधी?"

"आंगूळ झाल्यावर."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "आणि ठेवता कुठं?"

"घरी. देवाफुडं, विभूतीच्या डबीजवळ."

"आप्पा, असं सांगायचं नाही तिथं! 'सुरक्षित ठिकाणी' म्हणायचं."

"मंग त्याच्यापरीस सुरक्षित ठिकाण कोन्तं हाय सायेब?" आप्पांनी अगदी मनापासून विचारलं. साहेबांनी वहीत 'सुरक्षित ठिकाणी' असं लिहून घेतलं.

* * *

त्याच आठवड्यात देवगाव फाट्याकडचे एक शेतकरी आले. पिशवीत शहरातल्या लॅबचा रिपोर्ट, चार रंगांत छापलेला, वर चकचकीत कव्हर. आणि दुसऱ्या हातात त्याच रानाची माती.

"हे तपासून द्या."

"काका, तपासलंय की हे. रिपोर्ट तर भारी दिसतोय!"

"भारीच हाय," ते म्हणाले. "पर तुमच्या साध्या कागदावर मागल्या साली जे लिवलं व्हतं, त्येच रानात दिसलं. तुमी सांगा, मंगच मी बियाणं घेतो."

मी तो चकचकीत रिपोर्ट आप्पांच्या टेबलावर नेऊन ठेवला. आप्पांनी तो वाचला नाही. त्यांनी आधी माती चिमटीत घेतली, मग चष्मा पुसला, आणि बराच वेळ पुसतच राहिले. खरं सांगते, त्या दिवशी या माणसासोबत काम करते म्हणून माझी मान ताठ झाली.

* * *

तपासणीचा दिवस आला. अधिकारी उंच, आवाज करडा, पायात लेसचे काळे बूट. कॉम्प्युटरच्या खोलीच्या दारात गफ्फारभाई अदबीनं म्हणाले, "साहब, जूते..."

"ही लॅब आहे का देऊळ?" अधिकारी म्हणाले आणि बुटांसकट आत गेले. मागोमाग आमचे साहेबही. आप्पा आणि मी दाराबाहेरच, आप्पांची नजर त्या बुटांवर.

आमच्या साहेबांना राहवलं नाही. "सर, आधी अद्ययावत आवृत्तीत दाखवतो." ट्रेची चूक त्यांनी दुरुस्त केली होती, पण मशीन जोडून बघितली नव्हती. बाटलीचं सील फुटलं, नमुना लागला, मशीन घुमायला लागली. ती आकडे पाठवत होती, पण नव्या पायथनला ते वाचताच येईनात. स्क्रीनवर नुसता कर्सर लुकलुकत राहिला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. साहेबांच्या कानामागून घाम निघाला. अधिकाऱ्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि टोपण लावलं. संपली आपली लॅब!

"आप्पा," साहेब हळूच म्हणाले. "तुमची ओसरी."

आप्पांनी चपला काढल्या. त्यांच्यामागं मी काढल्या. आणि माझ्या डोळ्यांदेखत आमच्या साहेबांनी बूट काढले! आप्पांनी ओसरी चालू केली, ओळीच्या सुरुवातीला तिचं नाव उमटलं. नमुना पुन्हा लागला. मिनिटभरात स्क्रीनवर आकडा आला, एक पॉइंट एकोणीस.

अधिकाऱ्यांनी पाकीट फाडलं. चिठ्ठी वाचली, घडी घातली, खिशात ठेवली. आम्ही चौघं त्या खिशाकडं बघत.

"एक पॉइंट वीस," ते म्हणाले. "चालेल."

बस, एवढंच! सही केली, चहालाही हात लावला नाही, तडक जाऊन जीपमध्ये बसले. गफ्फारभाईंनी खडू उचलला आणि दारावरच्या त्या जुन्या आकड्याखाली एक पॉइंट एकोणीस लिहिला. आमच्या साहेबांनी आप्पांचा हात दोन्ही हातांत धरला.

तेवढ्यात बाहेर जीपचं दार पुन्हा वाजलं. अधिकारी एकटेच परत आले. करडा आवाज जीपमध्येच राहिला होता.

"आप्पा, आमच्या लॅबमध्ये पण हीच मशीन आहे," ते म्हणाले. "कॉम्प्युटर गेला, तेव्हापासून कापड टाकून ठेवलीय."

त्यांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढला.

आप्पांनी पेन ड्राइव्हकडं बघितलं, मग खाली त्यांच्या पायांकडं. आणि शेजारची खुर्ची पुसून पुढं सरकवली.

अधिकारी दारातच थांबले. मग उंबऱ्यावर खाली बसले आणि बुटाची लेस सोडायला लागले.