'गादी आणि मंडळी'चा पहिला अल्बम

सहा गाण्यांचा अल्बम करायला आम्हाला दोन वर्षं लागली. किस्से मात्र आपोआप साठत गेले, त्यांना रीटेक लागला नाही!

आम्ही तिघं. सायली गाते, ग्लेन ड्रम वाजवतो, मी गिटार आणि मिक्सिंग. स्टुडिओ म्हणजे खारी गावात सायलीच्या घरातली तळमजल्यावरची खोली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना घरातल्या गाद्या टेकवलेल्या. त्यावरूनच बँडचं नाव 'गादी आणि मंडळी'.

*

सायलीचे वडील, नाना. पूर्वी घरची मिठागरं होती, आता सोसायटीचे सेक्रेटरी. पहिलं गाणं त्यांना हौसेने ऐकवलं.

"हे गाणं हाय? एक कडवं ध्यानात ऱ्हाईल तर शपथ!"

*

ग्लेनची मम्मी समुद्रकाठच्या पाली गावात राहते. मासळी साफ करताना आमचं गाणं लावते. एकदा मला फोन करून झापलं, "गाणं छान हाय, पण माझा पोरगा कुठं हाय त्यात?"

पुढच्या गाण्यात ड्रम इतके वर घेतले की सायली दोन दिवस माझ्याशी बोलली नाही!

*

सायलीच्या घरात लग्न निघालं, पाहुणे आले, आणि सगळ्या गाद्या भिंतीवरून जमिनीवर. पाच दिवस रेकॉर्डिंग बंद. सहाव्या दिवशी तिच्या एक मावशी म्हणाल्या, "झोप छान लागते इथे, अजून राहू का?"

सायलीने स्वतः रिक्षा बोलावली!

*

एका म्युझिक कंपनीतल्या साहेबांनी सल्ला दिला, "मराठीत मार्केट नाही. हिंदीत करा."

सायली म्हणाली, "सर, हिंदीत आम्ही भाजी घेतो. गातो मराठीत."

मीटिंग तिथेच संपली. सांगितलेला चहाही आला नाही.

*

पाच गाणी झाली आणि सायलीला पुण्यात नोकरी लागली. सोमवारी हजर व्हायचं होतं. ग्लेन म्हणाला, "सहावं नंतर करू ना."

"नंतर म्हणजे कधीच नाही. रविवारी करायचं!" सायलीने ठरवून टाकलं.

रविवारी सकाळपासून एक टेक धड मिळेना. कधी भंगारवाला, कधी कुत्री. पाच वाजता नाना सोसायटीची पाण्याची मोटर लावतात आणि ती आमच्या भिंतीपलीकडेच आहे. एकदा घरघर सुरू झाली की कारभार आटोपला. पाच वाजत आले. मला अक्षरशः रडू येत होतं. "आता काय उपयोग?"

"तू रेकॉर्ड दाब," सायली म्हणाली आणि गायला लागली.

पाच वाजून गेले. मोटर लागलीच नाही!

शेवटच्या कडव्याआधी गाणं क्षणभर थांबतं. तेवढ्यात हेडफोनमध्ये बाहेरून दुसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकांचा आवाज आला, "अहो नाना, डोक्याला साबण लागलाय! मोटर लावा!"

आणि दबक्या आवाजात नाना, "गप ऱ्हावा जरा! शेवटचं कडवं बाकी हाय."