एकास बाराचा रॅम्प

बाबा गेल्यावर भेटायला आलेला प्रत्येक जण त्या पुलाबद्दल बोलला. लढाईत नदीवर नऊ तासांत उभा केलेला पूल, वरून पडणारे गोळे, पहिला ट्रक पार होईपर्यंत जागचे न हललेले बाबा. मला ही गोष्ट पाठ आहे. लहानपणी आम्हाला झोपवायला तीच असायची, आणि तिच्यात राक्षस, राजकन्या कुणीही नसायचं, नुसते नटबोल्ट. पुलाचं कौतुक मलाही आहे हो. पण बाबांनी जीव तोडून आणखी एक बांधकाम केलं होतं, आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मग म्हटलं, आपणच सांगावं.

सैन्यातून ते डावा कान गमावून परतले आणि पाणीपुरवठा खात्यात इंजिनिअर झाले. आई जेवताना नेमकी डाव्या बाजूला बसायची आणि मनात येईल ते बोलून घ्यायची. संसार टिकला तो त्यामुळे, असं माझं प्रामाणिक मत आहे. गल्लीत त्यांना ओळंबा म्हणत. भिंत सरळ आहे की नाही ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. बाबांना दोरीही लागत नसे. कुणाकडे चहाला गेले की कपाला हात लावण्याआधी दाराची चौकट किती तिरकी आहे ते सांगायचे. हळूहळू लोक चहाला बोलवेनासे झाले.

माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांनी सहा मजुरांना स्टेजवर चढवून एकदम उड्या मारायला लावल्या. स्टेज टिकलं. सासूबाईंनी तो सोहळा बघितला आणि तेव्हापासून त्या माझ्याशी फार सांभाळून वागतात. माया नव्हती असं नाही. मी परगावी नोकरीला लागले तेव्हा बाबा रडले वगैरे नाहीत, पण माझ्या भाड्याच्या खोलीची कडी त्यांनी तीनदा बदलली.

मग आईला अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली, जीभ शाबूत राहिली, नशीब आमचं. व्हीलचेअरवर बसता यायचं, पण घराला सात पायऱ्या. मागच्या खोलीत पडल्यापडल्या तिचं एकच मागणं होतं, मला खाली माझ्या झाडांपाशी न्या. अंगणात तिची बाग होती. सतरा झाडं, चाळीस वर्षांचा खटाटोप. शेजारचे दोघे म्हणाले, काकूंना खुर्चीसकट उचलून नेतो, पाच मिनिटांचं काम. बाबांनी त्यांच्याकडे असं बघितलं की बिचारे आल्या पावली परत गेले. बायको म्हणजे सामान नव्हे, असं म्हणून त्यांनी टेप काढली.

सात पायऱ्या म्हणजे साडेतीन फूट उंची. उतार एकास बारा, म्हणजे फूटभर उंचीला बारा फूट लांबी. एकूण बेचाळीस फूट रॅम्प आणि अंगण जेमतेम पंचवीस. म्हणून मध्ये वळण, वळणावर चौथरा, खाली खुर्ची फिरवायला ऐसपैस जागा. नकाशा सुरेख होता. पुढच्या शनिवारी मी आले तर काँक्रीट ओतायची तयारी झालेली, आणि बागेच्या जागी सपाट माती.

"झाडं कुठे गेली?"

"साइट मोकळी केली," बाबा म्हणाले.

आईला बागेत न्यायचं म्हणून बाग उपटली! मी इतकी ओरडले की शेजारी खिडकीत आले. बाबांचं म्हणणं, झाडं काय, परत लावता येतात, उगाच राईचा पर्वत करू नकोस. आत आईला वाटलं, मी मजुरांवर ओरडतेय. आणि मी शूर मुलगी आत गेले आणि काम छान चाललंय म्हणाले. लाज वाटते आजही.

मग काँक्रीटवर अठ्ठावीस दिवस पाणी मारायचं, तोवर वजन टाकायचं नाही. नियम म्हणजे नियम. आई दिवस मोजत होती. गुलाबांना पाणी घालता ना, असं रोज विचारायची. बाबा तेवढ्यापुरता डावा कान पुढे करायचे.

एकोणतिसाव्या दिवशी तिने केस विंचरून घेतले, ठेवणीतली शाल पांघरली. आधी सिमेंटची पोती खुर्चीवर ठेवून दोनदा चाचणी झाली. मग बाबांनी तिला उतरवलं. एक हिसका बसला नाही, खरंच. खाली पोचल्यावर त्यांनी कौतुकाच्या अपेक्षेने तिच्याकडे पाहिलं. आईने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"वर न्या मला," ती म्हणाली.

आठ दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी बाबा वही घेऊन तिच्या उशाशी बसले आणि कुठे काय होतं ते सांग म्हणाले. चाळीस वर्षं रोज त्यातूनच ये-जा केलीत की, आई म्हणाली.

"मी बघितलंच नाही कधी."

मी दारातच होते, भांडायची पूर्ण तयारी करून. ते राहूनच गेलं. आईने मान वळवून वहीकडे पाहिलं. मग म्हणाली, लिहा, फाटकाजवळ पांढरा गुलाब. ती सांगत गेली, बाबा लिहीत गेले, मध्ये एकदाही तिला तोडलं नाही.

खालचं काँक्रीट त्यांनी स्वतः छिन्नी-हातोड्याने फोडलं, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी. चार रोपं लागली तशी आई म्हणाली, चार तर चार, न्या मला. पण अर्धवट काम दाखवायचं नसतं ना! सगळी सतरा झाल्यावरच नेणार, बाबा म्हणाले. या वेळी नीटच करायचं होतं त्यांना. मी पण म्हटलं, थांब गं थोडी. बारा लागली आणि आईला दुसरा झटका आला. त्यातून ती उठली नाही.

उरलेली पाच बाबांनी एकट्याने लावली, वहीत होतं तिथेच. झाल्यावर मला फोन करून बोलावून घेतलं. मी रॅम्पवरून उतरले, मोजली, सतरा आहेत म्हणाले.

"चार होती तेव्हाच न्यायला हवं होतं," बाबा म्हणाले.

असं नका म्हणू बाबा, असं मी म्हणायला हवं होतं. म्हणाले नाही.