दाक्षायणीचं प्लॅस्टर

दाक्षायणीचं सगळं अंग दुखायचं, आणि नेमकं कुठे ते तिला सांगता येत नसे, हाच तिचा गुन्हा. मान म्हणावी तर खांदे ठणकत, खांदे म्हणावेत तर कंबर. शुक्रवार पेठेतल्या त्या घरात रोज तीस भाकऱ्या थापाव्या लागत. पंधरावीपाशी तिच्या डोळ्यांतून पाणी येई. धुरानं येतंय, असं घर म्हणे. चुलीला बिचारीला उत्तर देता येत नव्हतं.

नवरा शिवशरण वाईट नव्हता. पण किराणा दुकानदार. तराजूत घातल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायची सवय नाही. चौऱ्याहत्तर साली त्यानं तिला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडाकडे धरला, "हाडं ठणठणीत आहेत, मनाला लावून घेऊ नका," म्हणाले आणि टॉनिक लिहून दिलं.

सासूनं, नागव्वानं, तो फोटो देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला टांगला. आल्यागेल्याला ती दाखवी.

"बगा की! ज्वारी खाल्लेलं हाड हाय. कुटं चीर दिसती का? उगं तोंड पाडून बसती."

हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात. इथे आरसाच भिंतीवर लटकत होता. शेजारणी फोटोकडे बघत, मग दाक्षायणीकडे बघत आणि मान हलवत. कधीकधी ती स्वतःच त्या फोटोपुढे उभी राही. आपणच खोटं बोलत असू, असं तिला वाटू लागलं. दुखणं एक वेळ परवडलं, पण हे वाटणं फार वाईट होतं.

मग तिचं हसणं गेलं. गच्चीवर जाणं गेलं, दूध नकोसं झालं. कामापुरती उठायची, एरवी माजघराच्या अंधारात भिंतीला टेकून बसायची. असं बसून हाडं झिजतात हे ना तिला ठाऊक होतं, ना घराला. तीन वर्षांनी न्हाणीत तिचा पाय घसरला. पडली म्हणजे काय, नुसता हात टेकला. पण उजवं मनगट कडक भाकरीसारखं कडकन मोडलं.

"या वयात इतकी ठिसूळ हाडं? ऊन नाही, दूध नाही, हालचाल नाही!" डॉक्टर या वेळी शिवशरणवर ओरडले, आणि त्यांनी सहा आठवड्यांचं प्लॅस्टर घातलं.

दाक्षायणीचं नशीब उघडलं. जी पेठ तिला ढोंगी म्हणत होती ती मोसंबी घेऊन दारात आली. शिवशरण दुधाचा पेला स्वतः आणू लागला. परात नागव्वानं आपल्यापुढे ओढली. सकाळी सुनेला गच्चीवर उन्हात बसवून तिनं विचारलं, "लई दुखतंय का गं?"

चौदा वर्षांच्या संसारात हा प्रश्न पहिल्यांदाच आला होता. खरं तर सगळ्या अंगात ते मनगटच काय ते कमी दुखत होतं. पण दाक्षायणीनं मान, खांदे, कंबर सगळ्यांच्या वतीनं सांगून टाकलं, "व्हय अव्वा. लई दुखतंय."

ती पुन्हा हसू लागली, गुणगुणू लागली. शिवशरण चक्रावला. हाड शाबूत होतं तेव्हा ही रडायची, आता मोडल्यावर गाते! असला हिशेब त्याच्या दुकानात कधी आला नव्हता.

सहा आठवडे संपले. डॉक्टरांनी प्लॅस्टर कापलं, त्याचे दोन भाग बाजूला ठेवले. "हाड सांधलं. आता सगळी कामं करा." शिवशरण खूश झाला. दाक्षायणीला मात्र पुढचं दिसू लागलं. उद्यापासून परत तीच परात आणि खिळ्यावरचा तोच फोटो.

"डॉक्टर," ती म्हणाली, "हे प्लॅस्टर मी घरी नेऊ का?"

चौथ्या दिवशी पाठ धरली. दाक्षायणीनं प्लॅस्टरचे दोन्ही भाग हातावर बसवले, वरून जुन्या लुगड्याची चिंधी बांधली आणि चुलीपाशी जाऊन बसली. आतलं हाड सांधलंय हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तरी नागव्वानं परात ओढून घेतली, आणि शिवशरण दूध घेऊन आला. तिच्या तोंडाला जे घर चौदा वर्षं खोटं म्हणत होतं, ते त्या कापलेल्या प्लॅस्टरला एकदाही खोटं म्हणालं नाही.

तिनंही त्याचा गैरफायदा घेतला नाही. महिन्यातून चार-पाच दिवस, अगदी सोसेना तेव्हाच ती ते बांधे. एरवी तीस भाकऱ्या ठरलेल्या.

थंडीतल्या एका सकाळी नागव्वा स्वयंपाकघरात आली. शिवशरण दुकानात गेल्याची खात्री करून घेतली आणि हळूच म्हणाली,

"दाक्षायणी, ते आज तुला लागतंय का?"

"न्हाय अव्वा. का?"

"मग मला बांद की जरा."

 दाक्षायणीनं फळीवरून प्लॅस्टर काढलं, सासूच्या सुरकुतलेल्या हातावर बसवलं आणि चिंधीची गाठ मारता मारता विचारलं, "अव्वा, कुटं दुखतंय?"

"कुटं म्हून सांगू गं," नागव्वा म्हणाली. "तू या घरात यायच्या आदीपासनं दुखतंय."