तसबिरीमागची भेग

रविवार, ६ जानेवारी २०१३. बाळ येशूच्या भेटीला आलेल्या तीन राजांचा सण. हजर: फादर, सासूबाई, नवरा, मुलगी, समोरच्या ब्लॉकमधल्या काकू आणि मी.

घराच्या आशीर्वादाची यादी मी आदल्या दिवशीच केली होती. मेणबत्त्या, खडू, पवित्र पाण्यासाठी काचेचा वाडगा, आल्तारच्या मेजासाठी पांढरं कापड, सगळ्या खोल्यांतले दिवे चालू. सहावं काम होतं, हॉलमधली भेग झाकणे.

शेजारच्या प्लॉटवर टॉवरचा पाया खणायला घेतल्यापासून ती पडली होती. बोटभर लांब, केसाएवढी रुंद. पाहुण्यांना दिसू नये, एवढाच माझा हेतू. येशूच्या पवित्र हृदयाची मोठी तसबीर त्या दिवशी घरात स्थापन व्हायचीच होती. मी खिळा नेमका तिथे ठोकला, आल्तार खाली मांडला आणि यादीवर खूण केली.

फादर पाणी शिंपडत सगळ्या खोल्यांतून फिरले. संडास-बाथरूमही सोडलं नाही.

"आमच्या वास्तुशांतीला भटजींनी चार तास घेतले होते," काकू म्हणाल्या. "तुमचं बरंय."

"म्हणून तर मला चहा गरम मिळतो," फादर म्हणाले.

त्यांनी स्टुलावर चढून दाराच्या चौकटीवर खडूने तीन राजांची आद्याक्षरं आणि साल लिहिलं. मग आम्ही तसबिरीपुढे गुडघे टेकले. घर येशूच्या हवाली करण्याची प्रार्थना अर्ध्यावर आली असताना, रविवार असूनही शेजारचं मशीन सुरू झालं. वाडग्यातल्या पाण्यावर बारीक वलयं उठली. मी वर पाहिलं, तर सासूबाईही पाण्याकडेच बघत होत्या.

मार्चमध्ये भेग तसबिरीच्या चौकटीखालून बाहेर आली. तिच्या टोकाला मी पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहिली. एप्रिलमध्ये दुसरी रेघ, वीतभर खाली. मे महिन्यात भेग भिंतीच्या पलीकडे, सासूबाईंच्या पलंगामागे उमटली आणि त्यांच्या खोलीचं दार खांदा लावल्याशिवाय लागेना.

इंजिनीअर आले. भिंतीवर बोटांनी टकटक करत तसबिरीपाशी थांबले. "मूळ याच्यामागे आहे. ही काढा. बघितल्याशिवाय मी काही सांगू शकत नाही. आणि तोवर मागच्या खोलीत कोणी झोपू नका."

सासूबाई आल्तारसमोर खुर्ची टाकून बसल्या. "स्थापना झालेली तसबीर हलवायची नाय. तुज्या सासऱ्यांनी गावच्या घरात रंग द्यायला उतरवली व्हती. महिना भरला नाय, गेले."

इंजिनीअर पुन्हा बोलवा म्हणून निघून गेले. मी फादरना फोन लावला. ते म्हणाले, "खुशाल उतरवा. मी येऊन परत आशीर्वाद देतो."

"फादर अजून पोरगेला हाय," सासूबाई म्हणाल्या.

"आई, उगाच हट्ट नको," नवरा म्हणाला.

"हट्ट तुजा बापूस करायचा."

शेवटी मी खरं ते सांगून टाकलं. "आई, ती जागा काही देवाने निवडली नाही. भेग झाकायला मीच तसबीर तिथे लावली."

"ठाव हाय, गो. तू खिळा ठोकत व्हतीस तवा मी हितंच भाजी निवडत व्हते." त्यांनी तसबिरीपुढची मेणबत्ती सरळ केली. "लावलीस तू. पन आता ती तुजी नाय."

त्या दिवशी आम्ही त्यांचा पलंग हॉलमध्ये आणला. दुसऱ्या दिवशी त्या आपल्या खोलीत चटई टाकून झोपलेल्या दिसल्या. गुडघे दुखायला लागले, तसा पलंग परत तिथेच न्यावा लागला. सप्टेंबरात त्या चर्चला गेल्या असताना नवऱ्याने तसबिरीच्या चौकटीला नुसता हात लावला. आतून मूठभर गिलावा आल्तारवर पडला, बराच वेळ वाळू झरत राहिली. त्याने हात काढून घेतला. आम्ही कापड झटकून पुन्हा अंथरलं.

आता डिसेंबर आहे. सासूबाईंच्या खोलीतली शेवटची रेघ उशीच्या उंचीला आली आहे. पुढच्या महिन्यात फादर खडूने नवं साल लिहायला येतील, म्हणून नवी यादी करायला घेतली. मेणबत्त्या आणल्या, कापड धुऊन ठेवलं. पहिलं काम मेपासून दर यादीत उतरवते आहे: आईंशी बोलून तसबीर काढणे, इंजिनीअरला बोलावणे. त्याच्यापुढे अजून खूण नाही.