सभेची वही

आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत सभेचं इतिवृत्त तळमजल्यावरचे काका लिहितात. एरवी अबोल, पण जिन्यात भेटले की चीनच्या सम्राटांवर सुरू. “अहो, दरबारातला लेखनिक सम्राटाचा शब्द न् शब्द टिपायचा. ती वही खुद्द सम्राटालाही वाचता येत नसे!”

कालच्या सभेत अध्यक्ष भडकले. वडिलांमागून त्याच खुर्चीत बसलेला माणूस. “गच्चीवरच्या मोबाइल टॉवरला विरोध करेल त्याचं पाणी तोडीन!” मग सावरून म्हणाले, “काका, हे लिहू नका. वही द्या इकडे.”

काकांनी वही दिली नाही. उलट लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं, “हे लिहू नये, असं अध्यक्ष म्हणाले. वही मागितली.”

मी शेजारीच होतो. काकांनी माझ्याकडे पाहिलं, जरा वाट पाहिली आणि खाली लिहिलं, “बाकीचे गप्प बसले.”