कवड्यांची थैली आणि वधारलेला रुपया

यवतमाळजवळच्या लोहारा एमआयडीसीत उतरले तेव्हा हातावर पेढाच पडला. ज्यांच्याकडे उतरायचं होतं त्या संजूभाऊंच्या कारखान्यात परदेशातून मशीन आलं होतं.

"रुपया टाइट झाला ना ताई! तेच मशीन स्वस्तात पडलं. खा पेढा!"

मी खाल्ला. रुपया मजबूत तर देश मजबूत, हे मी लहानपणापासून वर्तमानपत्रांत वाचत आले होते. पेढ्याची चवही तशीच लागली.

दुसऱ्या दिवशी एसटीनं मारेगावकडे गेले. तिथल्या एका तांड्यात (बंजारा वस्तीत) बायका कवड्या लावलेल्या थैल्या शिवतात आणि त्या परदेशी जातात; ते काम मला बघायचं होतं. त्यांच्या म्होरक्या शेवंताबाई. सगळा तांडा त्यांना याडी (आई) म्हणतो. ज्वारीची भाकर आणि झणझणीत ठेचा पुढे आला. डोक्यावर गळकं छप्पर होतं. या मालाच्या पैशांतून पावसाआधी तिथे टिन टाकायचे होते.

जेवण चालू असतानाच व्यापारी आला.

"याडी, रुपया वधारला. डॉलरचे रुपये कमी येऊन राह्यले. भाव उतरवा लागंन."

"म्हंजे देश तगडा झाला अन् माही मजुरी वाळली?"

याडीनं कात्री घेतली आणि तयार थैलीवरच्या कवड्या उसवायला लागली.

"अवो, हे काय करून राह्यली?"

"जेवढा भाव उतरला, तेवढ्या कवड्या उतरवून राह्यली."

"तिकडच्या लोकायले कवड्याच पाह्यजे!"

"मंग कवड्यायचा भाव दे."

तो चिडून गाडीत बसला. बायका छपराकडे बघत राहिल्या. उसवलेल्या कवड्या पुन्हा शिवत याडी मला म्हणाली, "उद्या वणीचा बाजार. चालतं का पोरी?"

वणीच्या रस्त्यावर कोळशाचे ट्रक आडवे आले आणि खिडकीतून आत आलेल्या धुळीनं पांढऱ्या कवड्या काळ्या झाल्या. बाजारात बसून मी त्या पदरानं पुसत होते. खाणीतल्या एका कामगाराची बायको याडीपुढे थांबली.

"मावशी, हे फारेनले जाते म्हणे?"

"जात होती. आता तुह्या खांद्यावर जाईन."

"महाग सांगून राह्यली तू!" ती थोडी घुटमळली. "बरं, दे एक. तेल जरा उतरलं एवढ्यात."

माझ्या डोक्यात तिथेच उजेड पडला. परदेशातून येणारं खायचं तेल वधारलेल्या रुपयानं स्वस्त केलं होतं, आणि तिच्या स्वयंपाकघरात वाचलेले पैसे याडीच्या हातात येत होते. संध्याकाळपर्यंत निम्म्या थैल्या जुन्याच भावात गेल्या. अर्ध्या छपराचे टिन आम्ही तिथेच घेतले आणि मारेगावच्या एका टेम्पोत चढवले.

परतीच्या एसटीत याडीचा फोन वाजला. व्यापारी होता, थैल्या मागत होता. सगळी बस कान देऊन ऐकत होती.

"ये ना बापू, उद्याच ये. कवड्या तेवढ्याच, भाव जुनाच. अन् रिकाम्या हातानं येऊ नको. अर्धं छप्पर बाकी हाय."

मारेगावला ती उतरली. मी पुढे यवतमाळकडे निघाले. रुपया मजबूत होवोच, माझं म्हणणं आजही तेच आहे. फक्त आता ‘रुपया मजबूत तर देश मजबूत’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, की मी आधी विचारते: मजबूत, पण कुणाच्या छपराखाली?