पतीचे पूर्ण नाव

पत्र असलं म्हणून काय झालं, ये गं, अशी जवळ येऊन बस. तो मोबाइल उलटा ठेव आधी. परवा फोनवर मोठ्या तोंडानं म्हणालीस, मावशी, तुमच्या वेळच्या बायांना बँकेतलं काय कळत होतं. शिकलीसवरलीस, रांजणगावच्या कंपनीत लागलीस, म्हणून काय मावशीला अडाणी ठरवायचं? लाज वाटू दे जराशी. तुझ्या बँकेत खातं उघडायला आधार कार्ड लागतं ना, माझं उघडायला म्हशीच्या लाथा लागल्या. ऐक आता.

दोन हजारचं साल लागलं होतं, त्याच्या आगंमागंच. आम्ही मूळचे मेंढरामागचे लोक, पण सासऱ्यांच्या हयातीतच मेंढरं गेली आणि न्हावऱ्याच्या रानात दोन एकर कांदा, थोडा ऊस आणि दोन म्हशी एवढ्यावर आम्ही बूड टेकलं. म्हशी माझ्या. वैरण माझी, शेण माझं, धार माझी. दुधाचं बिलही दर दहा दिवसांनी डेअरीत माझ्याच हातावर पडायचं. आमचे हे माणूस सोन्याचे, पण हात सढळ. गावात कुणाचाही सत्कार निघाला, कुणी सोसायटीवर निवडून येवो नाहीतर कुणाचा पोरगा दहावीला दुसऱ्यांदा पास होवो, टॉवेल, टोपी आणि नारळ आमच्या घरातून. म्हणून दुधाचा पैसा मी ह्यांच्या वाऱ्याला उभा राहू देत नव्हते.

आणि नेमका डेअरीनं फतवा काढला, की पुढच्या महिन्यापासून रोख बंद. बिल बँकेत जमा होईल. जिचं खातं नसेल तिचं बिल नवऱ्याच्या खात्यावर. ह्यांचं खातं उसामुळं आधीपासून होतं. हे ऐकून ह्यांचा चेहरा असा फुलला, की मला समोर टॉवेल-टोप्यांची चळत दिसायला लागली. मी ठरवलं, खातं काढायचंच.

त्याच आठवड्यात शिरूरच्या बँकेचे साहेब बिरोबाच्या देवळात आले. बायांची सभा भरवून बचत, व्याज, वारस असं सगळं समजावून देणार होते. माणूस तेलंगणाकडचा, मराठी पुस्तकातून शिकलेला. बोलायला उभे राहिले तशी आमच्यातली सगळ्यात म्हातारी आजी उठली, साहेबांच्या कपाळाला भंडारा फासला आणि म्हणाली, "आता बोला. देवाम्होरं उभं हाय, पैसं वाढत्यात म्हणाल तर खरंच वाढाया पायजेत." बिचाऱ्यांनी पिवळ्या कपाळानं तासभर व्याज समजावलं. मला तरी समजलं. माझ्या धाकट्या जावेला अजून समजलेलं नाही.

मग रांग लागली. साहेब एकेकीचा फॉर्म स्वतः भरत होते. बाईचं नाव झालं की खालची ओळ, पतीचे पूर्ण नाव. आता आमच्याकडं बाई नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही हे तुला ठाऊक आहे. नाव घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं. मीही घेतलं नव्हतं, इथंही लिहिणार नाही, रिकामी जागा सोडीन. बायांनी रांगेत तोड काढली. पुढचीच्या नवऱ्याचं नाव मागचीनं सांगायचं. काम कसं झरझर चाललं. माझा नंबर आला आणि मागं कोण, तर माझी धाकटी जाऊ. तिला ते नाव म्हणजे थोरल्या दिराचं. तीही घेत नाही. तिनं पदर दातात धरला.

साहेब म्हणाले, "सांगा लवकर. पतीचे पूर्ण नाव."

मागून एकजात बाया ओरडल्या, उखाणा घे. उखाण्यात घेतलेलं चालतं. आणि खरं सांगते, मला मिरवायची हौसही होती. मी घसा खाकरला:

गोठ्यात म्हैस, दारात चाळ कांद्याची,
…रावांचं नाव घेते, कृपा मागते बिरोबाची.

बायांनी टाळ्या पिटल्या. साहेब मान खाली घालून एका चौकटीत एक अक्षर असं सुबक लिहीत होते. मला वाटलं, काय हा माणूस, किती मनापासून काम करतो. अंगठा नको म्हणून मी सहीसुद्धा केली. शाळेचं तोंड न पाहता पोरांच्या पाटीवरून लिहायला शिकलेलीची सही, पण सरळ रेघेत.

पंधरा दिवसांनी पासबुक आलं. वर माझं नाव. खाली पतीचे पूर्ण नाव: गोठ्यात म्हैस दारात चा.

चौकटी तिथं संपल्या होत्या. चाळीतला ळ बाहेर राहिला आणि त्याच्यामागं ह्यांचं अख्खं नावही.

डेअरीच्या सचिवानं ते चार माणसांत मोठ्यानं वाचलं. म्हणाला, "वहिनी, आमच्या रजिस्टरला तुमचं मालक येगळं हायती. ह्यो कोण गोठ्यात म्हैस? ह्याचा न् तुमचा संबंध काय?" माणसं पोट धरून हसली. तो मात्र हसला नाही, नियमावर बोट ठेवलं. नाव जुळेपर्यंत बिल नवऱ्याच्या खात्यावर. आमचे हे शेजारीच उभे होते. ते एवढंच म्हणाले, की नियम म्हणजे नियम.

दुसऱ्या दिवशी एसटीनं शिरूर गाठलं. साहेबांना त्यांची चूक समजावली तर ते फार ओशाळले. म्हणाले, आमच्याकडं नावाच्या आधी घराण्याचं नाव लागतं, कुणाच्या गावाचं लागतं. तुमच्याकडं म्हैस लागत असेल असं मला वाटलं. मी म्हटलं बरं, आता खोडा. तर म्हणे काँप्युटरात गेलेलं नाव खोडता येत नाही. कचेरीतून प्रतिज्ञापत्र आणा, की गोठ्यात म्हैस दारात चा आणि तुमचे पती ही एकाच इसमाची दोन नावं आहेत. सही पतीची लागेल.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे अंगणात उठून उभे राहिले. चार गावांत फेटे बांधलेला माणूस मी, अन् म्हैस आहे असं लिहून देऊ? न्हाई म्हंजी न्हाई.

मी भांडले नाही. दुधाची कासंडी ह्यांच्या पुढ्यात ठेवली आणि म्हटलं, "बिल ज्याच्या खात्यावर, धार त्यानं काढायची."

आता माझ्या म्हशी दुसऱ्याच्या हाताला पान्हा सोडत नव्हत्या, हे ह्यांना ठाऊक होतं. पण हट्ट. पहिल्या सकाळी चूळभर दूध निघालं. संध्याकाळी थोरलीनं कासंडी उडवली. तिसऱ्या सकाळी मी परसात आले आणि बघते तर काय, हे माझं जुनं लुगडं गुंडाळून, डोक्यावरून पदर घेऊन म्हशीपाशी उकिडवे बसलेले. म्हशीला वास यावा म्हणून. वर माझ्यासारखं "बाई गं, बाई गं" करत चुचकारत होते. म्हशीनं मान वळवून नीट बघितलं आणि मग लाथ मारली. तेवढ्यात सचिवाचा माणूस दूध का येत नाही विचारायला दारात. हे तसेच लुगड्यात त्याच्यापुढं उभे राहिले आणि म्हणाले, "दुपारनं येतो म्हणावं. आधी शिरूरला जाऊन येतो."

कचेरीबाहेर झाडाखाली टायपिंगवाला बसायचा. त्यानं स्टॅम्पपेपर चढवला, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, इथवर खटाखट गेला आणि थांबला. ह्यांना विचारलं, "आप्पा, बायकोचं नाव सांगा."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं.

बावीस वर्षांचा संसार, पण ह्यांनी मला कधी नावानं हाक मारली नव्हती. अगं ए, ऐकलं का, कुठं गेली, एवढीच माझी नावं. मी सांगू शकले असते. माझं नाव घ्यायला मला कुणाची बंदी नव्हती. पण मी झाडाकडं बघत राहिले. सात-बाराची कामं घेऊन आलेली माणसं कान टवकारून गोळा झाली. ह्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. टायपिंगवाला म्हणाला, म्हाईत न्हाई का काय? तेव्हा हे खालमानेनं म्हणाले:

"कचेरीच्या दारात झाली लोकांची दाटी,
…चं नाव घेतो दुधाच्या बिलासाठी."

टायपिंगवाल्याची बोटं चालू झाली तशी ह्यांनी झडप घालून मशीनवर हात ठेवला. "सगळं नगं लिहू बाबा. निस्तं नाव."

मग ह्यांनी सही केली, की गोठ्यात म्हैस दारात चा तो मीच. बँकेत उर्फ लागलं. नाव जुळलं आणि पुढचं बिल माझ्या खात्यावर आलं. चौथ्याच दिवशी कुणाचा तरी सत्कार निघाला आणि हे माझ्यापुढं येऊन उभे राहिले. मी नुसतं बघितलं. ते म्हणाले, न्हाई, टोपी नगं, निस्ता नारळ. नारळाचे दिले मी. तेवढा मान ठेवावा लागतो.

आता गुडघे धरतात, धार सून काढते. गेल्या पाडव्याला तिला सोबत घेऊन डेअरीत गेले आणि बिल तिच्या खात्यावर लावून आले. हे म्हणाले, तुझ्या हातात काय राहिलं? मी म्हटलं, धार तिची, मग बिल माझं कसं? तर ती सून तुझ्याच वयाची आहे, तिला तुझ्याशी बोलायचं आहे, ते फिक्स डिपॉझिट का काय त्याचं. मला नीट सांगता येत नाही. तुझ्या कारेगावच्या खोलीवरून न्हावरं काही लांब नाही. कंपनीतली ही पाळी संपली की एक दिवस काढ आणि ये गं लवकर.